पप्पांसाठी गिटार निवडताना

माझ्याकडे एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मी पट्टीने रेघा मारून तीन रकाने आखले होते: आराम, वाजवायला सोपी, दिसायला. डावीकडे तीन गिटारींची नावं आणि समोर दहापैकी गुण. कंपन्यांची नावं इथे लिहीत नाही, कारण जे झालं त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. दोष कोणाचा होता ते पुढे येईलच. गिटार पप्पांसाठी घ्यायची होती. पप्पा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांनी आयुष्यात कधी गिटार हातात धरली नव्हती.

ते वाजवायचे बेंजो. मिरवणुकीत आणि वरातीत वाजतो तो. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. पेटी समोर आडवी ठेवायची, डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. अंबरनाथच्या एका कारखान्यात पप्पांनी एकतीस वर्षं टर्नर म्हणून काढली. दिवसभर लेथ आणि संध्याकाळी बेंजो. मांजर्लीत आमच्या बाजूला त्यांना नावाने हाक मारणारी माणसं कमी, ‘बेंजो मास्तर’ म्हणणारी जास्त. एप्रिलमध्ये जयंतीला विहारासमोरच्या मैदानात स्टेज लागायचं आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात, स्पीकरच्या थोडं आड, टेबलावर बेंजो ठेवून पप्पा बसायचे.

शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझे पप्पा वरातीत वाजवतात ना, आणि मी विषय बदलायचे. त्या तिरीमिरीतच कॉलेजला गेल्यावर मी गिटार शिकले. फार काही आलं नाही, पण गिटारीबद्दल बोलायला मात्र भरपूर आलं. घरात हा विषय निघाला की शेवटचा शब्द माझा, असा मी स्वतःच नियम करून टाकला होता.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. दिवाळीच्या सुमारास पप्पा बाथरूममध्ये घसरले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण शेवटची दोन बोटं ताठच राहिली आणि उरलेल्यांत जोर नव्हता. त्या एप्रिलला पप्पा पहिल्यांदाच स्टेजच्या खाली, प्लास्टिकच्या खुर्चीत, माझ्या शेजारी बसले. स्टेजवर त्यांच्या कोपऱ्यात कीबोर्ड होता. दुसऱ्याच गाण्याला ते म्हणाले, “डास फार आहेत,” आणि उठून घरी गेले. मला एकही डास चावला नव्हता.

दुसरी गोष्ट जुलैत झाली. मांजर्लीत नदीचं पाणी येणं आम्हाला नवीन नाही. फ्रिज विटांवर असतो, कपाटाचे खालचे खण रिकामे असतात, गाद्या कुठे चढवायच्या ते ठरलेलं असतं. त्या वर्षीही सगळं वाचलं. फक्त पलंगाखालचा बेंजो कोणाला आठवला नाही, कारण सात-आठ महिने त्याला कोणी हात लावला नव्हता. पाणी ओसरल्यावर पप्पांनी पेटी उघडली, फुगलेली बटणं एकेक करून दाबून पाहिली आणि पेटी पुन्हा बंद केली. मी हेंद्रेपाड्यात राहते, दहा मिनिटांवर. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले.

पंधरा दिवसांनी चहा पिता पिता पप्पा म्हणाले, “गिटार घेऊया का एखादी? करंटवाली?”

“या वयात?” आई म्हणाली. “पुढे उभं राहून केस उडवणार का? उडवायला राहिलेत कुठे?”

पप्पा हसले. म्हणाले, आमच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाला होता, चमकीचा शर्ट घालून पुढे उभा असायचा. सगळं पब्लिक त्याच्याकडे बघायचं. आपण मागे बसून खडखड बटणं दाबायचो. एकदा तरी ती धरून बघायची होती.

मला खरं कारण कळलं होतं. त्यांना पुढच्या एप्रिलला परत स्टेजवर चढायचं होतं, आणि बटणं दाबणारी बोटं आता उरली नव्हती. आपण चढवायचंच त्यांना, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्याच दिवशी वहीत रकाने आखले.

उल्हासनगरला एका सिंधी काकांचं वाद्यांचं दुकान आहे. जिना चढून वर गेलं की भिंतभर गिटारी टांगलेल्या. काकांनी तीन काढून दिल्या.

पहिली फिकट निळी, वजनाला हलकी, पोट टेकतं तिथे पाठीला आणि कोपर टेकतो तिथे पुढून लाकूड कोरून उतार दिलेला. अंगाला अशी बसते की धरल्यासारखी वाटतच नाही. आरामाला मी दहापैकी दहा दिले. दुसरी जपानी नावाची, काळी, बाकदार. तिची मान, म्हणजे ज्यावर बोटं फिरतात तो दांडा, एकदम पातळ. बोटांना कष्ट कमी. वाजवायला सोपी म्हणून तिला नऊ. तिसरी मात्र धोंडा. जाड, जड, मान मुठीत मावेना. पण दिसायला! मधोमध मधासारखी पिवळी आणि कडेला होत होत गडद तपकिरी, आणि लाकडाच्या रेषा आतून उजेड लावल्यासारख्या. दिसायला दहा, बाकी दोन्हीकडे मी तिला चार-चार देऊन मोकळी झाले.

पप्पांची तपासणी वेगळीच चालली होती. ते प्रत्येक गिटारीची मान डोळ्यासमोर धरायचे आणि एक डोळा मिटून शाफ्ट बघतात तशी बघायचे. मग मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवायचे.

“ही आऊट आहे,” काळीबद्दल ते म्हणाले. “थोडीच, पण आहे. आणि पट्ट्यांना कानस नीट मारलेली नाही.”

“दादा, इंपोर्टेड है ये,” काका म्हणाले.

“इंपोर्टेड असेल हो. पण वाकडी आहे.”

काकांनी गिटार स्वतःच्या डोळ्यासमोर धरली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाले, “सही बोल रहे हो साईं.” त्यानंतर त्यांनी पप्पांसाठी चहा मागवला. मला कोणी विचारलं नाही.

पप्पा स्टुलावर बसले. मी निळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली, तारा वर. मी हसले आणि ती उभी करून दिली, उजव्या मांडीवर, छातीला टेकवून. काळी दिली, तीही आडवी ठेवली. मी पुन्हा सरळ केली. तिसरीच्या वेळी तर मी “पप्पाऽ” असं जरा जोरातच म्हणाले. काका काउंटरच्या मागून बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्या हातातली वही पाहिली आणि चहाचा कप तोंडाला लावला.

उभ्या धरलेल्या तिन्ही गिटारींवर पप्पांची बोटं तार पूर्ण दाबू शकत नव्हती. आवाज भुर्र यायचा, डबड्यात माशी अडकावी तसा. “छान आहे,” ते म्हणाले. पप्पा लग्नात जेवण बिघडलेलं असलं तरी ‘छान आहे’ म्हणतात. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी वहीतली बेरीज केली आणि निळी गिटार घेतली.

पुढचे दोन-अडीच महिने मी दर रविवारी मांजर्लीला जाऊन पप्पांना शिकवत होते. पाठ ताठ, मनगट बाहेर, अंगठा मागे. डॉक्टरांनी बोटं हलती ठेवा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा हा व्यायामच आहे, असं मी आईला ऐकवायचे. आई म्हणायची, “तू जास्त ओरडतेस, गिटार कमी वाजते.”

एक गोष्ट मात्र माझं डोकं फिरवायची. मी फोनवरचं अ‍ॅप लावून सहाही तारा अगदी काट्यावर लावून जायचे आणि पुढच्या रविवारी बघावं तर सगळ्या उतरलेल्या. तीन-चार आठवडे हेच चाललं. मी वहीत लिहिलं, ‘सूर टिकत नाही’, आणि दुकानात फोन लावून काकांशी भांडले. खुंट्या हलक्या दर्जाच्या लावल्यात, म्हटलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बेटी, पप्पा से पूछा?” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, त्यांना काय कळतंय त्यातलं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी मी आत शिरले तेव्हा पप्पांनी गिटार टीपॉयवर आडवी ठेवली होती. निळ्या गिटारीची पाठ कोरलेली, ती टीपॉयवर डुगडुगत होती, म्हणून त्यांनी खाली टॉवेलची घडी सारली होती. जवळच आईचा स्टीलचा ग्लास पडलेला. ऑफिसात त्या आठवड्यात माझं कोणाशी तरी वाजलं होतं, ते डोक्यात होतं. मी दारातूनच ओरडले, “पप्पा, ही गिटार आहे! बेंजो नाहीये!”

पप्पा म्हणाले, “हो. बेंजो नाही.” त्यांनी टॉवेल बाजूला केला, गिटार उचलली आणि मला हवी तशी मांडीवर उभी धरली. करंगळी तारेपर्यंत पोचत नव्हती. ते मला दिसत होतं आणि तरी मी अंगठा मागे घ्या म्हणून सांगत होते. त्या दुपारची मला आजही लाज वाटते. बेंजोची वाटायची त्यापेक्षा कितीतरी जास्त.

पुढच्या रविवारी गिटार पिशवीत घालून कपाटावर गेली होती. “हात दुखतो जरा,” पप्पा म्हणाले. असे तीन रविवार गेले. मी वही कपाटात टाकून दिली. एप्रिलचं आता काही जमत नाही, असं मी मनात म्हणून टाकलं.

चौथ्या रविवारी पप्पांनी विचारलं, “मला अंबरनाथला सोडशील का? तासाभराचं काम आहे.” मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेले. एमआयडीसीत त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्याने निवृत्तीनंतर एक लेथ टाकलं आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. रविवार म्हणून शेड रिकामी होती. सोबत्याने कुलूप काढून दिलं आणि “मास्तर, मशीन तुमचंच आहे,” म्हणून तो पुढे जाऊन पेपर वाचत बसला.

मी पप्पांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं या हाताने त्यांना जमणार नाही. त्यांनी स्टीलचा जाडसर रॉड मशीनमध्ये पकडला, चष्मा नाकावर दाबला आणि मशीन चालू केलं. डाव्या हाताने ते चाक फिरवत होते, बोटांनी धरून असं नव्हे, तळव्याने लोटत. ताठ राहिलेली दोन बोटं हवेत तशीच. पण चाक जिथे थांबायला हवं तिथे बरोबर थांबत होतं. मध्येच मशीन बंद करून मोजायचे, मान हलवायचे, पुन्हा सुरू करायचे. शेवटी पॉलिश पेपर लावून त्यांनी तो तुकडा आरशासारखा केला. बोटभर लांब, एक टोक गोल. तो त्यांनी माझ्या हातात दिला. अजून गरम होता.

“काय आहे हे? पडद्याच्या दांडीचं?” मी विचारलं.

“गिटारचं आहे,” पप्पा म्हणाले. “तू रागावू नकोस.”

अडुसष्ट वर्षांचा माणूस आपल्या मुलीला असं म्हणतो तेव्हा मुलीने काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला.

“बोटं दाबत नाहीत ना,” ते सांगू लागले. “मग म्हटलं, बोटांच्या ऐवजी लोखंड टेकवू. गिटार आडवी ठेवायची, बेंजोसारखी, आणि हे तारांवरून सरकवायचं. आईच्या ग्लासने करून बघितलं. आवाज येतो. ग्लास हलका पडतो, म्हणून हा केला. आणि तारा मी सा आणि प ला लावतो. तू रविवारी चढवून जायचीस, मी सोमवारी उतरवायचो.”

“मग सांगायचं नाही का मला!”

“तू एवढं मनापासून शिकवत होतीस,” पप्पा म्हणाले.

दुकानात फोन करून मी काय काय बोलले होते ते सगळं मला आठवलं. मी स्कूटी काढली आणि घरून निळी गिटार घेऊन आम्ही तसेच उल्हासनगरला गेलो. काकांनी पप्पांच्या हातातला रॉड बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. जुन्या काळी असेच वाजवायचे, म्हणाले, मांडीवर आडवी ठेवून, हवाइयन म्हणायचे त्याला. आता कोणी येत नाही त्यातलं.

“साईं, मैंने तो पहले दिन ही देखा था,” ते म्हणाले. “आपने तीनों लिटाके रखी थी. मैं बोलने वाला था. पर बेटी इतना सब लिखके लाई थी...”

मी म्हटलं, “काका, खुंट्यांचं बोलले त्याबद्दल सॉरी.”

“अरे, वो तो मैं समझ गया था,” ते म्हणाले.

मग आम्ही तिन्ही गिटारी काचेच्या काउंटरवर आडव्या ठेवल्या. या वेळी मी वही आणली नव्हती. निळीला जे उतार कोरले होते, ज्यासाठी मी तिला दहापैकी दहा दिले होते, त्यांच्यामुळेच ती डुगडुगत होती. काळी तर तिच्या बाकामुळे फिरतच होती. तिसरी, तो धोंडा, पाठीला सपाट. पाट्यासारखी जागच्या जागी बसली. मान जाड की पातळ याचा प्रश्नच उरला नव्हता. काकांनी तारांखाली एक खाचेची पट्टी सरकवून त्या उंच केल्या, म्हणजे रॉड खालच्या पट्ट्यांवर आपटणार नाही. पप्पांनी तारा उतरवल्या, रॉड टेकवला आणि उजव्या हाताने छेडलं.

तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. बेंजो खडखडतो, एकेक सूर तोडून देतो. हा सूर एका जागेवरून निघून दुसऱ्या जागेपर्यंत न तुटता जात होता, माणूस गातो तसा. पप्पांनी जयंतीचं एक गाणं अर्धं वाजवलं. काकांनी पंखा बंद केला.

“पण पप्पा,” मी म्हटलं, “तुम्हाला पुढे उभं राहायचं होतं ना? अशी ठेवली तर पब्लिकला ती दिसणार पण नाही. नुसती कड दिसेल.”

पप्पांनी समोरच्या त्या पिवळ्या लाकडाकडे पाहिलं. “मला दिसते ना,” ते म्हणाले.

एप्रिलमध्ये विहारासमोर स्टेज लागलं. निळे झेंडे, पांढरे कपडे घातलेल्या बायका, पुढे सतरंजीवर पोरांची गर्दी. पप्पा त्यांच्या जुन्या कोपऱ्यात, जुन्याच टेबलाशी, निळीच्या बदल्यात घेतलेली ती पिवळी गिटार आडवी ठेवून बसले. आईने त्यांना चमकीचा शर्ट घ्यायला लावला होता. त्यात ते जरा अवघडलेले दिसत होते. माइकवरच्या माणसाने ‘आपले बेंजो मास्तर’ म्हणून नाव पुकारलं तेव्हा मैदानातून शिट्ट्या आल्या. पप्पांनी रॉड तारेवर टेकवला. पहिला सूर जरा वर लागला. त्यांनी तो हळूच खाली आणला, जागेवर बसवला, आणि मग थांबलेच नाहीत. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. त्या दिवशी डास खरोखरच फार होते. कोणीही उठलं नाही.

माझ्या मागे बसलेल्या काकूंनी पुढे वाकून माझ्या खांद्याला हात लावला. “काय गोड लागतोय गं,” त्या म्हणाल्या. “नवीन बेंजो घेतला का मास्तरांनी?”

मी मान वळवली. दुरुस्त करायची सवय जिभेवर तयारच होती.

“हो काकू,” मी म्हटलं. “नवीन बेंजो आहे.”